सोलापूरच्या उन्हाळ्यात जुना हाय-एंड पॉवर ॲम्प: घ्यावा का, आणि घेतला तर सांभाळावा कसा

स्वरवेडा_सोलापूर

मुंबई-पुण्यात हल्ली जुने परदेशी पॉवर ॲम्प (स्पीकरला ताकद देणारे ॲम्प्लिफायर) बरेच विकायला निघतात. मोठी घरं मोडून लोक फ्लॅटमध्ये जातात, पुढच्या पिढीला त्या वजनदार पेट्या ठेवायला जागा नसते. आपल्याकडच्या काही जणांनी मला विचारलं, "घेऊ का?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे धागा काढतो, म्हणजे बाकीच्यांचंही कळेल.

माझं मत आधीच सांगतो. वॉट आणि नाव नंतर बघा. तो ॲम्प आपल्या घरच्या लाइटवर आणि आपल्या उन्हाळ्यात टिकेल का, आणि उद्या बिघडला तर त्याचे पार्ट मिळतील का, हे आधी बघा. या दोन प्रश्नांना नीट उत्तर नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा.

माझ्याकडे क्रेलचा केएसए-५० आहे. १९८० च्या सुमाराचं डिझाइन, दर चॅनेल ५० वॉट, पूर्ण क्लास-ए. तो घरात का ठेवलाय ते एका वाक्यात सांगायचं तर, किशोरीताईंची बैठक लावली की तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या मोजता येतात आणि डग्ग्याची घुमक जिथे संपायला हवी तिथेच संपते, पुढच्या मात्रेवर सांडत नाही. हे मला दुसऱ्या ॲम्पवर इतकं स्वच्छ मिळालं नाही.

पण क्लास-ए म्हणजे गाणं वाजो न वाजो, आउटपुटचे ट्रान्झिस्टर पूर्ण करंट घेऊन उभेच असतात. शुद्ध क्लास-एमध्ये ५० वॉट हवे असतील तर त्या चॅनेलला गप्प बसतानाही निदान १०० वॉट लागतात. दोन चॅनेलचे २०० झाले. त्यात ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरची घट धरली, थोडी जास्तीची बायस (ट्रान्झिस्टरना कायम दिलेला करंट) धरली, की आकडा ३०० कडे जातो. म्हणजे साधारण सव्वातीन तासांत एक युनिट. लाइट बिल परवडतं हो, खरा प्रश्न त्या ३०० वॉटच्या उष्णतेचा आहे. ती सगळी खोलीतच पडते. मे महिन्यात दिवसभर ४३ अंश तापलेला स्लॅब रात्री दहालाही उष्णता सोडत असतो. त्या खोलीत हा ॲम्प लावायचा म्हणजे काय ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

आणि माणसापेक्षा ही उष्णता कंडेन्सरला जास्त बाधते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. ८५ अंशांना २००० तास असं लिहिलेला कंडेन्सर ६५ अंशांवर ८००० तास टिकेल, ५५ वर १६,०००. रोज तीन तास ऐकलं तर एकीकडे सात वर्षं, दुसरीकडे चौदा-पंधरा. हा १० अंशांचा फरक म्हणजे बंगळुरूची खोली आणि आपली खोली यांतलाच फरक. म्हणून माझ्या ॲम्पला चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा आहे, वर काहीही ठेवत नाही, आणि एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत तो बंद असतो. तेवढे दिवस क्वाड ४०५ वाजतो. १९७५ चा पीटर वॉकर यांचा करंट डम्पिंगवाला. त्यात मोठ्या ट्रान्झिस्टरना बायस द्यावीच लागत नाही, त्यामुळे पेटी फारशी तापत नाही आणि बायस सेट करायची कटकटच नाही.

एक सूचना क्वाडवाल्यांसाठी. ४०५ ला पूर्ण आवाजासाठी अर्धा व्होल्ट पुरतो, आजचे डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्पसाठी सिग्नल बनवणाऱ्या पेट्या) दोन व्होल्ट देतात. मध्ये ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) टाकला नाही तर व्होल्युमचं बटण घड्याळातल्या नऊच्या आकड्यापुढे फिरवताच येत नाही. जुन्या ४०५ ला इनपुटही डिनचा (जुन्या गोल, अनेक पिनांच्या सॉकेटचा) असतो, आरसीएची वायर थेट बसणार नाही.

बाकीच्यांनी आपापले अनुभव लिहा.

अक्कलकोटरोड

अण्णा, बरं झालं धागा काढलात. मी पण हेच शोधायलोय. पुण्यात एक जपानी पॉवर ॲम्प बघून ठेवलाय, दर चॅनेल १५० वॉट, मोठे मीटर, दिसायला लई देखणा. पण मागं १०० व्होल्ट लिहिलंय. विकणारे म्हणतात स्टेपडाउन लावा, काही होत नाही.

आमचं घर एमआयडीसीला लागून. दिवसा लूम चालू असले की लाइट खाली, रात्री लूम बंद झाले की वर. मी मल्टिमीटर लावून बघितलंय, रात्री अकराच्या पुढं २५० दाखवतंय. चालंल का?

आणि दुसरं, १५० वॉट घ्यायचे का कमी चालतील? खोली १२ बाय १४, स्पीकर ८७ डेसिबलचे, म्हणजे एका वॉटला तेवढा आवाज देणारे.

पेठेतला_वायरमन

मालक, २५० वर १०० व्होल्टचा ॲम्प लावायच्या आधी हे वाचा.

स्टेपडाउन २३० चे १०० करतो, म्हणजे प्रमाण ठरलेलं. वरून २५० आले की खालून १०८.७ निघणार. जवळजवळ नऊ टक्के जास्त. ॲम्पच्या आत समजा ५८ व्होल्टची रेल (डीसी पुरवठ्याची लाइन) आहे आणि त्यावर ६३ व्होल्टचे कंडेन्सर बसवलेत. नऊ टक्क्यांनी ती रेल बरोबर ६३ ला भिडते. चाळीस वर्षांचा कंडेन्सर, काठोकाठ व्होल्टेज आणि वर आपला उन्हाळा. रोज रात्री, नेमकी तुमची ऐकायची वेळ.

त्यामुळे स्टेपडाउनच्या आधी सर्व्हो स्टॅबिलायझर लावा. रिलेवाला नको, तो टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला स्पीकरमध्ये टक् ऐकू येतं. स्टेपडाउन ॲम्पच्या मागे लिहिलेल्या वॉटच्या निदान दुप्पट घ्या. बाजारातले बरेच स्वस्त स्टेपडाउन ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, त्यात दोन्ही वाइंडिंग वेगळी नसतात. दोन वाइंडिंगचा, अर्थिंगची वायर नीट पुढे नेणारा मागून घ्या.

पण त्याआधी झाकण उघडून ट्रान्सफॉर्मरच्या वायरी बघा. कित्येक परदेशी ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीची दोन वाइंडिंग असतात. पॅरलल जोडली की १२०, सिरीज जोडली की २४०. तसं असेल तर स्टेपडाउनची गरजच नाही, फक्त फ्यूजचा आकडा निम्मा करायचा. फक्त १०० चा असेल तर मात्र स्टेपडाउनशिवाय इलाज नाही.

फ्रिक्वेन्सीचं पण बघा. जपानात पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०, त्यामुळे तिथल्या मालावर दोन्ही लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं अडत नाही. अमेरिकेच्या ज्या मालावर नुसतं ६० लिहिलंय त्याला आपल्या ५० वर कोअरमध्ये २० टक्के जास्त फ्लक्स पडतो. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

मोठा टोरॉइड (गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर) चालू करताना एमसीबी पडतो असं पण होईल. ॲम्प खराब नसतो, सुरुवातीचा झटका मोठा असतो. बी कर्व्ह काढून सी कर्व्ह बसवून घ्या, तरी पडत असेल तर सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे तो झटका आवरणारं सर्किट. एमसीबीचा अँपिअर वाढवून घेऊ नका, आतली वायर तेवढी नसते.

आणि अर्थिंग. जुन्या वाड्यात तीन पिनचं सॉकेट असतं पण मागं अर्थची वायरच नसते, हे मी पेठेत रोज बघतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते काम करा. हमिंग घालवायला प्लगची अर्थ पिन कोणी काढायला सांगितली तर अजिबात ऐकू नका. पेटी लोखंडी आहे, आत जीव घेण्याइतकी लाइट आहे.

पुणेरी_श्रोता

वाचून वाटलं की एवढा उपद्व्याप कशासाठी? हायपेक्स कंपनीच्या तयार मॉड्यूलवर बांधलेला क्लास-डी (ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद करून चालणारा) ॲम्प घ्या. हाताला गार, गप्प असताना मोजके वॉट, बरेचसे थेट आपल्या व्होल्टेजवर चालणारे, वजन एका हातात उचलण्याइतकं. डिस्टॉर्शनचे आकडे तुमच्या १९८० च्या पेटीपेक्षा कितीतरी खाली. सोलापूरसारख्या गावात तर हाच शहाणपणाचा मार्ग आहे. जुन्या ॲम्पवरचं प्रेम मला कळतं, पण नवीन माणसाला त्यात ओढू नये.

स्वरवेडा_सोलापूर

तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि गांभीर्याने सांगतो, ज्याची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि एसी नाही त्याने क्लास-डीच घ्यावा. आकड्यांबद्दलही वाद नाही.

माझा मुद्दा दुसरा आहे. तुमच्या ॲम्पचं मॉड्यूल गेलं तर नवीन मॉड्यूलच बसवावं लागतं. बारीक एसएमडीचं (थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवलेल्या चिमुकल्या पार्टचं) काम आपल्याकडे फार कोणी हातात घेत नाही. आज मॉड्यूल मिळतंय, वीस वर्षांनी तेच मापाचं मिळेल का ते आज सांगता येणार नाही. माझ्या पेटीत टीओ-३ नावाच्या मोठ्या धातूच्या डब्यातले ट्रान्झिस्टर आहेत, सर्किट लोकांनी इतक्या वेळा उतरवून घेतलंय की जगभर हौशी लोक त्याच्या प्रती बांधतात. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न नीट वापरणारा माणूस ती उघडून पुन्हा उभी करू शकतो. ब्रायस्टनसारख्या कंपनीने तर ॲम्पला वीस वर्षांची वॉरंटी दिली आणि जुन्या मॉडेलची सर्किटं खुली ठेवली. ॲम्प डिझायनर नेल्सन पास यांनी आपली किती डिझाइनं हौशी लोकांना मोकळेपणाने दिली आहेत. असा जुना ॲम्प म्हातारा असला तरी निराधार नाही.

अक्कलकोटरोड, तुमच्या वॉटच्या प्रश्नाचं. ८७ डेसिबलचा स्पीकर, १२ बाय १४ ची खोली, घरच्यांना त्रास होणार नाही असा आवाज. सरासरी अर्धा वॉट लागतो. तबल्याची जोराची थाप त्याच्या २० डेसिबल वर जाते, म्हणजे १०० पट, म्हणजे ५० वॉट. तुम्हाला १५० ची गरज नाही. ५० ते १०० मधला, चार ओमच्या (कमी रोधाच्या) स्पीकरवर न डगमगणारा ॲम्प शोधा.

मंजिरी_जुळेसोलापूर

एक शंका विचारू का? बाबांचा जुना जपानी ॲम्प माझ्याकडे आलाय. डावा स्पीकर सुरुवातीला अगदी बारीक वाजतो, कधी फाटल्यासारखा. व्होल्युम एकदा जोरात वाढवला की खट्कन् नीट होतो, मग संध्याकाळभर चांगला. एका दुकानात दाखवला तर आउटपुटचे सगळे ट्रान्झिस्टर बदलायला सांगितले. खर्च बराच आहे. करून घेऊ?

पेठेतला_वायरमन

थांबा ताई, ट्रान्झिस्टरला हात लावू देऊ नका. तुम्ही सांगताय ती खूण स्पीकर रिलेची आहे. ॲम्प चालू केल्यावर काही सेकंदांनी टक् असा आवाज येतो ना, तो रिले. त्याच्या पॉइंटवर काळपट थर बसतो. बारीक सिग्नल त्यातून जात नाही, मोठा करंट गेला की थर फुटतो आणि आवाज येतो. ट्रान्झिस्टर गेला असता तर व्होल्युम वाढवून नीट झाला नसता.

रिले नवीन बसवा. कॉइलचं व्होल्टेज तेच, पॉइंटचे अँपिअर तेवढे किंवा जास्त, पायांची मांडणी तीच. जुन्याचे पॉइंट पॉलिश पेपरने घासून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, वरचा मुलामा निघतो आणि थोड्या महिन्यांत परत तेच.

पेटी उघडलीच आहे तर डीसी ऑफसेट (आउटपुटवर नको असलेलं डीसी व्होल्टेज) बघून घ्या. स्पीकर काढून ठेवायचा, मीटर डीसी मिलिव्होल्टवर, स्पीकरच्या दोन टर्मिनलवर लावायचा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर काळजी नाही. काही व्होल्टमध्ये दाखवलं तर स्पीकर जोडूच नका, व्हॉइस कॉइल जळेल.

मंजिरी_जुळेसोलापूर

दादा, मनापासून आभार. टक् असा आवाज येतो, बरोबर. रिलेच बदलून घेते.

जुनी_तार

मी पूर्वी सिनेमा थिएटरच्या साउंडचं काम करायचो, आता घरीच दुरुस्त्या करतो. अक्कलकोटरोड यांच्यासाठी, आणि सगळ्यांसाठीच, थोडं लिहितो.

जपानी ॲम्प घेताना आत कोणते ट्रान्झिस्टर आहेत ते आधी विचारा. सत्तरच्या दशकात यामाहाने बी-१ मध्ये आणि सोनीने काही मॉडेलमध्ये व्ही-फेट नावाचा प्रकार वापरला. आवाजाची ख्याती मोठी आहे आणि ती खोटी नाही. पण ते व्ही-फेट आता बनत नाहीत. एक गेला की दुसऱ्या मेलेल्या ॲम्पमधून काढलेला शोधत बसायचं. असा ॲम्प संग्रहासाठी घ्या, रोज ऐकायला नको.

ज्यांचे ट्रान्झिस्टर मिळतात तिथेही नकलांचा सुळसुळाट आहे. तोशिबाचे ५२०० आणि १९४३, मोटोरोलाचे जुने टीओ-३, यांच्यावर छाप हुबेहूब असते आणि आतली चिप निम्म्या आकाराची. कमी आवाजात चालतात, लग्नाच्या सीझनमध्ये जोरात वाजवले की जातात. अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून मागवा, चार पैसे जास्त गेले तरी.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी बोर्डांवर कंडेन्सर चिकटवायला एक पिवळसर डिंक वापरलाय. जुना झाला की तो तपकिरी, कडक होतो, शेजारच्या पार्टचे पाय खातो आणि करंटही वाहून नेतो. बायस विनाकारण सरकत असेल तर आधी तो डिंक बघायचा. मी तो टोकदार लाकडी काडीने हळूहळू खरवडतो, खालचं तांबं दिसेपर्यंत. घाई केली की ट्रॅक उचलला जातो.

मुंबईहून येणाऱ्या मालाला समुद्राची हवा लागलेली असते. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर गंज, बोर्डवर हिरवट पूड, स्विचचे पॉइंट काळे. आपली कोरडी हवा या बाबतीत चांगली. पण पूर्व भागात, लूमच्या जवळ, सुताचे बारीक तंतू हवेत असतात. पंख्याच्या ॲम्पमध्ये ते हीटसिंकच्या (उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत जाऊन बसतात आणि धुळीबरोबर त्याची नमदा जमते, पंखा फिरतोय पण हवा आत जातच नाही. अक्कलकोट रोडला राहणाऱ्याने पंखा नसलेला ॲम्प घ्यावा, आणि वर्षातून निदान दिवाळीच्या साफसफाईला झाकण काढून मऊ ब्रशने आत झाडावं. आधी प्लग काढून, कंडेन्सर रेझिस्टन्स लावून रिकामे करून. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नये.

शेवटचं, बॅलन्स्ड केबलवाल्यांसाठी. अक्युफेजच्या जुन्या ॲम्पमध्ये एक्सएलआरची (तीन पिनच्या बॅलन्स्ड सॉकेटची) तीन नंबरची पिन हॉट, म्हणजे मुख्य सिग्नलची असते, बाकी बहुतेकांची दोन नंबरची. दोन्ही चॅनेल उलटे गेले तर फेज उलटते, बिघडत काही नाही. पण एक ॲम्प असा आणि दुसरा तसा ठेवून बाय-ॲम्पिंग (एकाच स्पीकरला दोन ॲम्प) केलं तर आवाज पोकळ होतो आणि माणूस चूक स्पीकरमध्ये शोधत बसतो.

हुरडा_पार्टी

भिंतीला सोलापुरी चादरी लावल्या तर आवाज सुधारतो का? आमच्याकडे घरात ढीग आहे.

जुनी_तार

चादर पातळ आहे, ती फक्त वरचे सूर शोषते. खालच्या सुरांची घुमण तशीच राहते आणि वरची चमक जाते, म्हणजे गाणं आणखी जड वाटतं. दोन-चार चादरी घडी करून, भिंतीपासून चार बोटं पुढे टांगल्या तर मधल्या सुरांवर थोडा फरक पडतो. कोपऱ्यातल्या घुमणीला जाड गादीच लागते. ॲम्पवर मात्र चादर किंवा टॉवेल कधीच घालू नका. धुळीसाठी म्हणून लोक घालतात, आणि चुकून चालू राहिला की हीटसिंक कोंडतो.

अक्कलकोटरोड

तो १०० व्होल्टवाला सोडला. पुण्यातच दुसरा एक मिळायलाय, युरोपचा, दर चॅनेल ८० वॉट, २३० व्होल्ट, पंखा नाही, टीओ-३ ट्रान्झिस्टर. शनिवारी बघायला जातोय. तिथं उभं राहून काय काय बघू ते सांगा. सिरीज बोर्ड (लाइनमध्ये बल्ब जोडलेला तपासणीचा बोर्ड) घेऊन जाऊ का?

पेठेतला_वायरमन

सिरीज बोर्ड न्या, पण १०० चा पिवळा बल्ब लावून क्लास-ए ॲम्प तपासायला गेलात तर बल्ब पेटलेलाच राहील आणि चांगला ॲम्प बिघडलेला वाटेल. तुमचा ८० वॉटचा क्लास-एबी, म्हणजे गप्प असताना थोडाच करंट घेणारा असणार, त्याला चालतो. चालू करताच बल्ब भक्कन् पेटून हळूहळू मंद झाला तर ठीक. तसाच लखलखत राहिला तर बंद करा आणि नमस्कार करून निघा. विकणारा समोर हवा, त्याला विचारूनच लावा.

स्वरवेडा_सोलापूर

त्यात माझी भर.

जाण्याआधी फोनवर सांगा की ॲम्प थंड ठेवा. पोचल्यावर आधी झाकणावर हात ठेवा. कोमट असेल तर का तापवून ठेवलाय ते विचारा, कारण कित्येक दोष फक्त थंड असताना दिसतात. डीसी ऑफसेट दोन्ही चॅनेलचा चालू केल्याबरोबर मोजा आणि तासाभराने पुन्हा मोजा. आकडा थोडा हलला तर चालतं, वाढतच गेला तर नको. तो तासभर तिथेच बसा, तुमच्या ओळखीची रेकॉर्डिंग लावा. तासाने दोन्ही बाजूंच्या हीटसिंकला हात लावा, दोन्ही सारखेच गरम हवेत. एक गार आणि एक चटका देणारा असेल तर बायस बिघडलेली आहे.

स्पीकरला कान लावून, काहीच वाजत नसताना, गुणगुण ऐका. मग इनपुटच्या केबल डाव्या-उजव्या बदला. दोष बाजू बदलून गेला तर तो आधीच्या यंत्रात आहे, जागेवर राहिला तर ॲम्पमध्ये. पहिल्यांदा जोडायला घरातला एखादा जुना स्पीकर न्या, चांगला नको.

फ्यूज काढून त्यावरचा आकडा पॅनेलवर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. जास्त अँपिअरचा घातलेला असेल तर आधी कधीतरी फ्यूज उडत होता आणि कोणीतरी कारण न शोधता तो दाबून टाकलाय.

पसंत पडला तर ट्रान्सपोर्टला देऊ नका. पुणे-सोलापूर २५० किलोमीटर आहे, बिल्टीवर टाकलेली पेटी वाटेत किती वेळा आपटेल सांगता येत नाही. मोठा ट्रान्सफॉर्मर मधल्या एका बोल्टवर बसलेला असतो, आपटला की तोच आधी सुटतो आणि सुटून बोर्डवर पडतो. आपल्या गाडीत, मागच्या सीटपुढच्या जागेत, पाय खाली आणि झाकण वर असा ठेवा. उचलायला दोघे जा.

शनिवारी निघायच्या आधी विक्रेत्याकडून मागच्या पॅनेलचा आणि झाकण काढून आतला असे दोन फोटो मागवून इथे टाका. ट्रान्झिस्टरवरचे नंबर वाचता येतील इतक्या जवळून काढायला सांगा. जुनी_तार बघून सांगतील ते पार्ट मिळणारे आहेत का.